तक्ता वाचता येतो, वाट दिसत नाही

माझ्या सासऱ्यांना आम्ही सगळेच आण्णा म्हणतो. त्यांचे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे सरकारी ओळखपत्र, काढण्याचे काम १७ जून २०२५ रोजी सुरू झाले आणि ३० ऑक्टोबरला पोस्टमनने पाकीट हातात दिले तेव्हा संपले, असे कागदोपत्री म्हणता येईल. प्रत्यक्षात ते त्याच्या सात महिने आधी, ताटातल्या चटणीपासून सुरू झाले होते. या कामासाठी बेळगावला चार फेऱ्या झाल्या. त्यातल्या दोन, आधी कुणी नीट सांगणारे भेटले असते तर, वाचल्या असत्या. सीमाभागातल्या ज्या घरांत असेच कुणी माणूस आहे, त्यांच्या तरी त्या दोन फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे सगळे तारखांसह लिहून ठेवते आहे.

आमचे गाव कर्नाटकातल्या निपाणीजवळ. आण्णांचे वय ६४. उभी हयात तंबाखूत गेली. थोडी स्वतःच्या रानात आणि बरीचशी वखारीत, चाळणीच्या धुरळ्यात. निपाणी भागात ज्यांनी वखारीत काम केले आहे, त्यांना डोळ्यांची ती आग ठाऊक असेल. रोज सकाळी कट्ट्यावर बसून आण्णा वर्तमानपत्र वाचत असत, चष्मा लावून, बारीक अक्षरातल्या बाजारभावांसकट. त्यामुळे त्यांच्या नजरेबद्दल घरात कुणालाही शंका नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेवताना ते मला अधूनमधून विचारू लागले, "चटणी वाढली न्हाईस व्हय, पोरी?" चटणी ताटातच असायची, उजव्या कडेला. मी बोटाने दाखवली की ते मान किंचित वळवत आणि "हां, हाय की" म्हणत. काही दिवसांनी त्यांनी विचारणे बंद केले. ताट पुढ्यात आले की ते एका बोटाने ते सावकाश गोल फिरवून घेत आणि मगच पहिला घास मोडत. मी ही म्हातारपणाची लकब समजले, याची आजही चुटपुट लागते.

त्याच सुमारास गावात कुजबूज सुरू झाली होती की आण्णा बघून न बघितल्यासारखे करतात, ओळख देत नाहीत. नंतर एका संध्याकाळी ते रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाऊन आदळले. ट्रॉली म्हणजे काही सुई नव्हे. गुडघ्याला हळद लावता लावता मी विचारले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "समोरचं दिसतंय गं. बाजूचं कधी येतंय त्येच कळंना."

डिसेंबरमध्ये शेजारच्या गावी नेत्रतपासणी शिबिर होते. मोतीबिंदू असणार, शस्त्रक्रिया झाली की उजेड पडेल, अशा समजुतीने मी त्यांना तिथे नेले. आपल्याकडे डोळ्यांचे शिबिर म्हटले की मोतीबिंदूच डोळ्यांपुढे येतो आणि त्याला कारणही आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून त्याचा मोठा भर मोतीबिंदूवर राहिला. त्याने असंख्य म्हाताऱ्यांची नजर परत आणली हे खरेच आहे. पण त्यामुळे शिबिराच्या रांगेत प्रश्न एकच उरतो, मोतीबिंदू आहे की नाही. आमचे नशीब एवढे चांगले की तिथल्या तंत्रज्ञ मुलीने "मोतीबिंदू नाही" असे सांगून आम्हाला परत पाठवले नाही. तिने बाहुलीवर बॅटरी मारून पाहिली, पुन्हा पाहिली आणि चिठ्ठीवर लिहून दिले की डोळ्यांचा दाब लगेच तपासून घ्यावा.

कोल्हापूर आम्हाला चाळीस किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. आजारपण आले की निपाणीची पावले आपोआप कोल्हापूरकडे वळतात, तशी आमचीही वळली. तिथल्या खासगी दवाखान्यात दाब मोजला तो उजव्या डोळ्यात ३८ आणि डाव्या डोळ्यात ३१. साधारणपणे हा आकडा १० ते २१ च्या दरम्यान असावा लागतो. निदान काचबिंदूचे झाले. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस या दाबाने हळूहळू मरत जाते, दुखत काहीच नाही, आणि नजर कडेने खात खात शेवटी मध्याकडे येते. म्हणूनच माणसाला वर्तमानपत्र वाचता येते आणि ट्रॉली दिसत नाही. आण्णांच्या उजव्या डोळ्याला केवळ उजेड-अंधार कळत होता. डाव्या डोळ्याने चष्म्यासह ६/९, म्हणजे तक्त्यावरची शेवटून दुसरी-तिसरी ओळ ते वाचत होते, पण त्या नजरेचा घेर उरला होता चिंचोळा. गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवणे एवढेच हातात आहे, असे डॉक्टरांनी अगदी स्पष्ट सांगितले.

त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, जी आम्ही कधी सांगितलीच नसती. डोळ्यांत कुठले थेंब घालत होतात का? आण्णांनी सदऱ्याच्या खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. वखारीतून आल्यावर डोळे चुरचुरायचे, म्हणून एका औषध दुकानातून चिठ्ठीविना ती बाटली ते सातआठ वर्षे आणत होते. थेंब टाकला की लाली आणि आग तासाभरात जायची. त्या थेंबांत स्टेरॉइड होते. स्टेरॉइडचे थेंब देखरेखीशिवाय दीर्घकाळ घातले तर काही जणांच्या डोळ्यांचा दाब वाढतो आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. आण्णांचा आजार नेमका त्यानेच झाला की तो अंगातच होता, हे आता कुणी सांगू शकत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मात्र काचबिंदू घराण्यात उतरू शकतो, तेव्हा मुलांनीही डोळे तपासून घ्यावेत, हे त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिले. आम्ही ती चिठ्ठी फाइलमध्ये ठेवली आणि माझ्या नवऱ्याने "बघू सवडीने" म्हटले. त्याच्याकडे नंतर येतेच.

दोन महिने तीन प्रकारचे थेंब घालूनही डावा डोळा २१ च्या खाली येईना, म्हणून फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्याला औषधांसह अठ्ठावीस हजार रुपये गेले आणि नंतरच्या तपासण्यांसाठी कोल्हापूरच्या फेऱ्या चालूच राहिल्या. शस्त्रक्रियेनंतर आण्णांनी पट्टी काढल्यावर इकडेतिकडे पाहिले आणि काहीही न बोलता परत डोळे मिटले. जास्त दिसणार नाही हे त्यांना चारदा सांगितलेले होते. तरी माणूस आशा धरतोच.

प्रमाणपत्राचा विषय त्याच दवाखान्यात निघाला. "यांचे दिव्यांग कार्ड काढा," असे डॉक्टरांनी सुचवले, तेव्हा आण्णांना तो शब्द लागला. "मी काय आंधळा न्हाई," असे म्हणून त्यांनी विषय तोडला आणि त्यानंतर तीन महिने तो घरात निघाला नाही. बेंदूर झाला, बैल रंगवून मिरवून आणले, आणि त्या गर्दीत आण्णा दोनदा धडपडले, तेव्हा मी पुन्हा बोलले. आंधळा असण्याचा हा कागद नाही, अर्धी नजर असण्याचा आहे, असे मी समजावले. कायद्याचे म्हणणेही तेच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार धरले आहेत आणि त्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी हे दोन वेगळे प्रकार आहेत. अल्पदृष्टी ठरवताना तक्त्यावर किती वाचता येते हे तर पाहतातच, पण नजरेचा घेर किती अंश उरला आहे हेही स्वतंत्रपणे पाहतात. घेर ४० अंशांपेक्षा कमी असेल तर तक्ता कितीही चांगला वाचला तरी माणूस अल्पदृष्टीत बसतो. हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतले होते, आणि पुढे त्यानेच आम्हाला तारले.

मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत शिकवते. कानडी बोलता येते, छापील वाचता येते, पण हाताने लिहिलेले सरकारी कानडी अजूनही अडखळत लागते. त्यामुळे अर्ज स्वतः भरण्याचे धाडस न करता १७ जून रोजी, मंगळवारी, पंचायतीशेजारच्या ग्रामवन केंद्रात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात, गेले. यूडीआयडीचा अर्ज स्वावलंबन कार्डाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि त्याला शुल्क नाही. केंद्राने भरून देण्याचे शंभर रुपये घेतले, ते रास्तच होते. आधार कार्ड, फोटो, सहीचा फोटो आणि आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक एवढेच लागते. पण त्या शेवटच्या क्रमांकाने आमचा अर्धा दिवस खाल्ला. आण्णांच्या आधारला जोडलेले सिमकार्ड केव्हाच बंद पडले होते. आधी आधार केंद्रात जाऊन क्रमांक बदलून घेतला असता तर बरे झाले असते. एकदा तो बदलून घेतला की सगळे संदेश आपल्याच फोनवर येतात.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली आहे. आण्णांच्या नावात 'ऋ'कार आहे. आपण मराठी माणसे तो 'रु' असा उच्चारतो, काही जण 'रि' असा. त्यामुळे आधार कार्डावर इंग्रजीत यू अक्षर पडले आहे आणि कानडी रेशनकार्डावरून पुढे गेलेल्या प्रत्येक कागदावर आय. केंद्रातल्या मुलाने सांगितले की अर्जात नाव आधारवर आहे तसेच, अक्षरही न बदलता घालायचे. रेशनकार्ड आणि बँकेचे पासबुक मागाहून त्याला जुळवून घ्यायचे. मी त्याचे ऐकले. पुढे पेन्शनच्या वेळी त्या एका अक्षराने पुन्हा डोके वर काढलेच, पण कार्ड तरी त्यामुळे अडले नाही.

अर्जात रुग्णालय निवडावे लागते. ते राहत्या जिल्ह्यातले हवे, किंवा ज्या सरकारी रुग्णालयात उपचार झाले ते चालते. आमचे उपचार कोल्हापूरच्या खासगी दवाखान्यातले, म्हणजे पर्याय आपल्याच जिल्ह्यातला. आम्ही बेळगावमधले एक सरकारी रुग्णालय निवडले. त्याचे नाव लिहीत नाही, कारण जे घडले ते कुठेही घडू शकते आणि तिथेच आम्हाला भली माणसेही भेटली. नेत्रविभागाची प्रमाणपत्रे बुधवारी होतात, असे फोनवर कळले.

९ जुलैच्या बुधवारी आम्ही सकाळी साडेसहाची गाडी धरली. तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगीचा टोलनाका करत सव्वानऊला बेळगाव. वाहकाने मला शून्याचे तिकीट दिले, कारण ११ जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या गाड्यांत प्रवास मोफत आहे. आण्णांना ज्येष्ठ नागरिकांची पंचवीस टक्के सवलत वजा करून तिकीट. डोळस सुनेचा प्रवास फुकट आणि न दिसणाऱ्या सासऱ्याला भाडे, यावर आण्णा दिवसभर हसत होते. कोल्हापूरला जाताना मात्र मलाही पैसे मोजावे लागतात. एका राज्याची सवलत दुसऱ्या राज्याच्या हद्दीत चालत नाही. सीमेवर राहणाऱ्यांना ही सवय आहे.

रुग्णालयात नेत्रविभाग पहिल्या मजल्यावर होता. जिन्याच्या पायऱ्या गुळगुळीत, करड्या, सगळ्या एका रंगाच्या. पायरीची कड कुठे संपते हे मलाही नीट कळत नव्हते. आण्णा कठड्याला धरून एकेक पाऊल चाचपडत चढले. पायऱ्यांच्या कडांवर पिवळ्या रंगाचा एक पट्टा ओढायला किती खर्च येईल, हा प्रश्न मी तेव्हापासून प्रत्येक सरकारी जिन्यावर स्वतःला विचारते. केस पेपर खाली काढायचा, तो खिडकीवर दाखवून वर जायचे, वरून झेरॉक्ससाठी परत खाली यायचे. मूळ कागद आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स घरूनच करून नेल्या असत्या तर आण्णांचे दोन जिने वाचले असते.

साडेबाराला नंबर लागला. तरुण डॉक्टर होते, बाहेर पन्नासेक माणसे उभी होती. त्यांनी आण्णांना तक्ता वाचायला लावला. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्याने आण्णांनी शाळेतल्या पोरासारखे खणखणीत वाचून दाखवले. घरी ज्यांना चटणी दिसत नाही ते आण्णा इथे पहिल्या नंबराने पास झाले होते. डॉक्टरांनी लिहिले, उजवा डोळा उजेडापुरता, डावा ६/९, आणि म्हणाले, "एक डोळा चांगला आहे, तीस टक्के बसेल." त्यांचेही चुकले नव्हते. केंद्र सरकारच्या तक्त्यात एक डोळा गेलेला आणि दुसरा ६/६ ते ६/१८ असेल तर ३० टक्केच येतात. आणि बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून सुरू होतात.

मी वही उघडली. नजरेच्या घेराबद्दल विचारताना माझा आवाज कापत होता, कारण मागची रांग कुरकुरत होती. "सर, यांचा काचबिंदू आहे, फील्ड पाहिले तर?" त्यांनी फाइल मागितली, कोल्हापूरचा फील्ड टेस्टचा कागद पाहिला आणि थांबले. खासगी दवाखान्याचा रिपोर्ट आधार म्हणून धरता येत नाही, इथे तपासणी करावी लागेल, पण तंत्रज्ञ आज रजेवर आहे, दोन आठवड्यांनी या, असे म्हणाले. मुख्य म्हणजे त्यांनी तीस टक्क्यांचा शेरा मारला नाही, अर्ज तसाच उघडा ठेवला. एकदा टक्केवारी मंजूर झाली की ती बदलून घ्यायला अपील करावे लागते. कायद्याच्या कलम ५९ मध्ये ती सोय आहे, पण तो आणखी लांबचा रस्ता. तेव्हा काचबिंदू, रातांधळेपणा किंवा मेंदूच्या आजाराने ज्यांची नजर कडेने गेली आहे, त्यांनी तक्त्यासमोर बसण्याआधीच "फील्ड टेस्ट करायची आहे" हे सांगून टाकावे आणि ते यंत्र कोणत्या दिवशी चालू असते हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. मी विचारले नाही. २३ जुलैला पुन्हा गेलो, तेव्हा तंत्रज्ञ होता आणि यंत्र दुरुस्तीला गेलेले होते. मी एक किरकोळ रजा घालवून आणि आण्णा एक दिवस उपाशी राहून परत आलो. त्या दिवशी येताना आण्णा गाडीत म्हणाले, "ऱ्हाऊ दे ह्ये. म्या कुठं जातोय आता?" मला उत्तर सुचले नाही.

६ ऑगस्टला फोन करून, यंत्र आले आहे याची खात्री करून निघालो. फील्ड टेस्ट म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते. खोलीत अंधार करतात. पांढऱ्या अर्धगोल भांड्यासारखे यंत्र असते, त्यात हनुवटी टेकवून बसायचे, एक डोळा झाकायचा आणि समोरच्या मधल्या ठिपक्याकडे पाहत राहायचे. मग भांड्याच्या आत इकडेतिकडे बारीक दिवे लागतात, काही ठळक, काही अगदी पुसट. दिवा जाणवला की हातातले बटण दाबायचे. नजर मात्र ठिपक्यावरून हलवायची नाही. ऐकायला सोपे वाटते. उजव्या डोळ्याला ती चाचणी करण्यासारखे काही उरले नव्हते. डाव्या डोळ्याला सातआठ मिनिटे लागतात आणि तेवढ्यात माणूस घामाघूम होतो.

आण्णा दिवे शोधू लागले. आयुष्यभर रानात कुठे कीड लागली, कुठे बांध फुटला हे नजर फिरवूनच शोधले. एका ठिपक्याला डोळे चिकटवून बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. तंत्रज्ञ पडद्यावर त्यांचा डोळा पाहत होता आणि दर अर्ध्या मिनिटाला म्हणत होता, "अज्जा, नडुव नोड्री." अज्जा, मध्ये बघा. आण्णांना कानडी समजते, पण डोळा ऐकत नव्हता. दिवा कुठे लागेल या धास्तीने ते दिवा नसतानाही बटण दाबत होते. निकाल यंत्रानेच बाद ठरवला. माझा जीव खाली-वर झाला, कारण पुन्हा चौथी फेरी म्हटल्यावर आण्णा येणार नाहीत हे मला ठाऊक होते. त्या तंत्रज्ञाचे उपकार असे की त्याने "पुढच्या बुधवारी या" म्हटले नाही. "अज्जाला चहा पाजून आणा, थोडे बसू द्या, दोननंतर परत घेतो," असे तो म्हणाला. मी आण्णांना कॅन्टीनमध्ये नेले आणि समजावून सांगितले की ही परीक्षा नाही, दिवे चुकले तर चालतात, चुकलेले दिवे दाखवायलाच आपण आलो आहोत. एवढे वाक्य आधी सांगितले असते तर बरे झाले असते. दुसऱ्या वेळी ते शांत बसले.

कागद छापून आला. मध्ये चिंचोक्याएवढा पांढरा ठिपका आणि भोवती सगळे काळे. घेर १५ अंशांच्या आसपास होता. आण्णांनी तो कागद डोळ्यांसमोर धरला आणि बराच वेळ पाहिला. "येवढंच ऱ्हायलंय व्हय?" ते म्हणाले. मग कागद माझ्याकडे देत, मला समजावल्यासारखे म्हणाले, "म्हंजी चटणी हितं न्हवतीच," आणि बोटाने काळ्या भागावर टिचकी मारली.

२० ऑगस्टला डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहून मूल्यमापन भरले. चांगल्या डोळ्याचा घेर २० ते १० अंशांच्या दरम्यान आणि दुसरा डोळा उजेडापुरता, म्हणून ८० टक्के, कायमस्वरूपी. तीस आणि ऐंशी यांत फरक होता तो फक्त कोणती तपासणी झाली याचा. पुढे संकेतस्थळावर अर्जाची स्थिती रोज पाहण्याचा छंद मला जडला. गणपती आले आणि गेले, अर्ज तिथेच. प्रमाणपत्र देण्याची मुदत पूर्वी एक महिना होती, ती २०२४ च्या नियमदुरुस्तीने तीन महिने झाली आहे. आमचा मंजुरीचा संदेश १९ सप्टेंबरला आला, तीन महिने आणि दोन दिवसांनी. प्रमाणपत्र आणि कार्ड त्याच दिवशी डाउनलोड करता आले. छापील कार्डाची वाट पाहत बसण्याची गरज नसते. मी त्याच संध्याकाळी निपाणीत रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट केली, तीस रुपये. टपालाने आलेले कार्ड निळ्या पट्टीचे आहे. ४० टक्क्यांखाली पांढरी पट्टी, ४० ते ८० पिवळी आणि ८० पासून निळी, अशी ती व्यवस्था आहे.

कार्ड मिळाले म्हणजे लाभ मिळाले असे होत नाही, प्रत्येकाचा अर्ज निराळा. पेन्शनचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, करायचा असतो आणि त्याला उत्पन्नाचा दाखला लागतो. इथे मला पंचायतीकडच्या ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्तीची फार मदत झाली. कर्नाटकात पंचायतींसाठी असे कार्यकर्ते नेमलेले असतात, ते बहुधा स्वतः दिव्यांग असतात, आणि गावात निम्म्या लोकांना हे माहीत नसते, मलाही नव्हते. तीच म्हणाली की बँक खाते आधारशी जोडलेले आहे का आणि पासबुकावरचे नाव तेच आहे का, हे आधी पाहा. पासबुकावर अर्थातच आय होता. ते दुरुस्त करण्यात नोव्हेंबर गेला, अर्ज डिसेंबरमध्ये दाखल झाला, हप्ता अजून आलेला नाही. कर्नाटकच्या एसटीचा पास सेवा सिंधू या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरून मागायचा. पूर्ण अंधांना मोफत पास मिळतो. आण्णांसारख्यांना घरापासून १०० किलोमीटरपर्यंतचा सवलतीचा. पास कॅलेंडर वर्षाचा असल्याने वर्षाअखेरीस काढण्यात अर्थ नव्हता, तो आता जानेवारीत काढला. बेळगाव शंभराच्या आत बसते, हे आण्णांनी स्वतः हिशेब करून सांगितले.

घरातही थोडे बदलले. उंबरा आणि परसदाराच्या दोन पायऱ्यांच्या कडा मी पिवळ्या ऑइलपेंटने रंगवल्या. एका छोट्या डब्यात काम झाले. ताटात चटणी आता मध्ये, भाकरीला लागूनच असते. चालताना मान सावकाश दोन्ही बाजूंना वळवत राहायचे, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांनी शिकवले आहे. पांढरी काठी मात्र खुंटीला टांगलेली आहे. अंधार पडल्यावर शेजारी जायचे असेल तरच ते ती घेतात, आणि वाटेत कुणी भेटले तर काखेत धरतात. मी काही बोलत नाही.

माझ्या नवऱ्याची "सवड" निघायला तेरा महिने लागले. गोकुळ शिरगावच्या कारखान्यात पाळीची नोकरी, डोळे ठणठणीत, मग रजा कशाला घालवायची, असे त्याचे म्हणणे होते. आण्णांनी शेवटी अबोला धरला, तेव्हा गेल्या आठवड्यात आम्ही तिघे कोल्हापूरला गेलो. दाब २४ निघाला. थेंब लगेच सुरू करायचे की नुसते लक्ष ठेवायचे, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी फील्ड टेस्ट सांगितली. आण्णा काठी न घेता, माझ्या दंडाला धरून त्या खोलीच्या दारापर्यंत आले. आत अंधार झाला, माझ्या नवऱ्याने यंत्रात हनुवटी टेकवली, आणि पहिला दिवा लागायच्या आधीच बाहेरून आण्णांचा आवाज आला.

"दिवं हुडकू नगंस, बाळा. नडुव नोड."